बांगड्या वाजतात म्हणून

श्रावणात कानबाई देवीपुढे म्हणायच्या गाण्यांची आमची कॅसेट जळगावच्या एका स्टुडिओत भरली. आम्ही पाच बाया. चौघींना मिळून एक माइक आणि माझ्या धाकट्या बहिणीला वेगळा. आवाज तिचाच होता, आम्ही मागून ओढणाऱ्या. स्टुडिओवाल्याने बांगड्या काढायला सांगितल्या. सवाशिणी कशा काढतील? चौघींनी हाताला रुमाल गुंडाळले. बहीण म्हणाली, कानबाईपुढे हात बांधून कोण गातं, आणि तशीच गायली.

नंतर त्याने ऐकवलं. टेबलावर बटणांची रांग होती, प्रत्येक माइकचं बटण वेगळं. तिचं वर सरकवलं की ती पुढे यायची, खाली घेतलं की नाहीशी. पहिल्या कॅसेटमध्ये ती पुढे होती, बांगड्यांसकट. वर्षभराने कॅसेट काढणाऱ्याने त्याच गाण्यांवर कीबोर्ड आणि ढोलक चढवून नवी आणली. बांगड्या खटकतात म्हणून तिचं बटण पार खाली. पिंप्राळ्याला माझ्या घरी आम्ही दोघींनी जुनी आणि नवी एकामागून एक लावली. नवी स्वच्छ होती. तिच्यात बहीण नव्हती.

ती हसली. "अक्का, बांगड्यांपायी बाईलाच बाहेर काढलं."

पुढच्या उन्हाळ्यात ती काविळीने गेली.

आई धुळ्याला, अंथरुणावर. बहीण गेल्यावर माझ्याकडची जुनी कॅसेट मी तिलाच दिली होती. रोज लावून लावून एक दिवस फीत टेपात गुंतली आणि तुटली. चिकटवून पाहिली, चालली नाही. दुकानात नवीच मिळायची. मी स्टुडिओत गेले, म्हटलं, तिचं बटण वर करून एक भरून द्या. माणूस वाईट नव्हता. पण आवाज वेगवेगळे असलेलं मूळ रीळ पुसून त्यावर कुणाची भजनं भरली होती. रीळ महाग, सगळेच असं करतात, म्हणाला. नव्या कॅसेटमधून तिला वर काढा म्हटलं, तर एकदा मिसळलेले आवाज वेगळे होत नाहीत. मी काय भांडणार?

नवीच घेऊन धुळ्याला गेले. आईने शेवटपर्यंत ऐकली.

"बठ्ठ्या बाया आयकू येतस. मन्ही पोर कोठे शे?"

तुझी पोर मागे आहे, म्हटलं. ती म्हणाली, आवाज मोठा कर. घरच्या टेपला आवाजाचं बटण एकच. कीबोर्ड मोठा झाला, ढोलक मोठं झालं, मीही मोठी झाले. आई म्हणाली, अजून. बटण पुढे जात नव्हतं. मी ते धरून बसले.