आवाजाबद्दल आगाऊ क्षमस्व

माझं जर्मन सुधारलंय हे साऱ्या बिल्डिंगला दाखवायची मला भारी हौस होती. त्या हौसेपायी मी जे करून बसले, ते आता सांगते.

दोन हजार चार-पाच साल असेल. म्युनिकच्या उत्तरेला, यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचं भाड्याचं घर होतं. आठ बिऱ्हाडांची बिल्डिंग, जिना इतका चकचकीत की चपला हातात घेऊन चढावंसं वाटायचं. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. आणि मी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून आलेली, दिवसभर घरात, बोलायला माणूस शोधत असायची.

ते माणूस मला बरोबर आमच्या खालच्या घरात सापडलं. पंच्याहत्तरीच्या एकट्या बाई. तोंडावर मी त्यांना ‘फ्राऊ’ लावून आडनावानं हाक मारायची, पण आमच्या घरात त्या खालच्या आजी. बेलवर त्यांच्या नवऱ्याचं सरळ जर्मन आडनाव होतं. त्या ज्यू आहेत हे मला वर्षभर माहीतही नव्हतं. एकदा त्यांच्या घरात शिरताना दाराच्या चौकटीला आतल्या बाजूनं एक बोटभर लांबीची तिरपी डबी ठोकलेली दिसली. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, आत देवाच्या नावाचा लेख असतो, खरं म्हणजे ही दाराबाहेर लावायची.

“मग आत का लावलीत?”

“बाहेर थंडी असते,” आजी म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. बावळटासारखी हसले, दुसरं काय!

दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चार बायका यायच्या. मग तास-दीड तास खालून असे आवाज यायचे की मला वाटायचं, यांची जुंपलीय. एक काहीतरी वाचायची, दुसरी तोडायची, तिसरी टेबलावर हात आपटायची. मी एकदा काळजीनं विचारलं, तर आजींना हसू आवरेना. म्हणाल्या, भांडत नाही गं, अभ्यास करतो. त्यांच्या धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ त्या पाचजणी आठवड्याला एक पान या हिशेबानं वाचत होत्या. लहानपणी हा ग्रंथ त्यांचे वडील भावांना शिकवायचे. मुलींना बसायची परवानगी नव्हती, म्हणून आजी दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. पुढे त्या घरातलं कोणी उरलं नाही. कसं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये ग्रंथ संपत आला. “रविवारी दुपारी समाप्ती,” आजी मला म्हणाल्या. डोळे नुसते चमकत होते. मी म्हटलं, म्हणजे आमच्या पारायणासारखंच की! नैवेद्य, आरती, प्रसाद. “आमच्याकडे खाणं, गाणं आणि नाच,” त्या म्हणाल्या. शेवटच्या चार ओळी त्यांनी मुद्दाम वाचायच्या ठेवल्या होत्या. त्या सगळ्यांच्या देखत वाचायच्या, मग ग्रंथाला सांगायचं की आम्ही तुझ्याकडे परत येऊ, आणि लगेच पुढच्या ग्रंथाची पहिली ओळ उघडायची. त्या चार ओळी आजी वाचणार होत्या. “माझ्या घरात, माझ्या टेबलावर,” असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी शिरा करते म्हटलं, तर त्यांनी हळूच सांगितलं की माझ्या भांड्यातलं त्यांना चालत नाही, न चिरलेली फळं आण. क्षणभर लागलं मला. मग सासूबाईंचं सोवळं आठवलं आणि राग गेला.

आता माझा पराक्रम ऐका.

आमच्या पहिल्या हळदीकुंकवाला पंधराजणी जमल्या होत्या आणि भरपूर खिदळणं झालं होतं. दुसऱ्या दिवशी दारावर निनावी चिठ्ठी आली, की या घराला नियम आहेत. तेव्हा खालच्या आजींनीच मला शिकवलं होतं की घरी कार्यक्रम असला की आधी खाली टपालपेट्यांजवळ कागद लावायचा, आवाजाबद्दल आगाऊ क्षमस्व म्हणायचं, मग कोणी काही बोलत नाही. तेव्हापासून मी कागद लावण्यात पटाईत झाले होते. इथे तर रविवार, इथल्या शांततेचा दिवस, आणि वर गाणं आणि नाच. आजी बिचाऱ्या विसरल्या असतील, आपणच लावून टाकू. स्वतःसाठी त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही कागद लावलेला नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

बुधवारी सकाळी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रिय शेजाऱ्यांनो, रविवारी दुपारी तीन वाजता पहिल्या मजल्यावर डावीकडे ज्यू बायकांचा ग्रंथसमाप्तीचा सोहळा आहे, गाणं आणि नाच होईल, आवाजाबद्दल आगाऊ क्षमस्व. मुलीनं मजकुराखाली तीन लाल फुलं काढली. शब्दकोशात पाहून एकही चूक राहू दिली नव्हती मी. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून कागद चिकटवला आणि दोन पावलं मागे होऊन कौतुकानं बघत बसले.

संध्याकाळी नवरा घरी आला. “कसला कागद म्हणत होतीस? खाली तर काही नाही.”

मी खाली धावले. कागद नव्हता. चिकटपट्टीचे चार कोपरे मात्र भिंतीवर तसेच होते. कागद ओढून फाडलेला नव्हता; कोणीतरी पात्यानं अगदी सरळ कापून नेला होता. त्या सरळपणाचीच मला भीती वाटली.

सकाळी आजींना सांगायला गेले. सांगताना हसतच होते, की अहो, कोणी नेला असेल हो? त्यांचा चेहरा बघितला आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं.

“काय लिहिलं होतंस?”

मी सांगितलं.

“मजला लिहिलास? वेळही?”

“हो.”

“आणि तो शब्दही?”

“हो.”

त्या खुर्चीत बसल्या. हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या, उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, “एकतीस वर्षं या घरात राहते मी. या जिन्यात कोणाला ठाऊक नव्हतं. आता एकाला ठाऊक आहे, आणि तो कोण, ते मला ठाऊक नाही.” मला रडू फुटलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “तू चांगल्या मनानं केलंस.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिव्या घरी मिळाल्या. नवरा शांत माणूस, पण त्या दिवशी भडकला. “तुला कोणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला? त्यांच्या देवळाबाहेर बारा महिने पोलीस उभा असतो, तो काय शोभेला?” मी बसमधून येता-जाता तो पोलीस बघत होते. कधी स्वतःला विचारलं नव्हतं की हा इथे कशाला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण नेहमीसारखाच ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून नमस्कार करत होता, आणि मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. तिसऱ्या मजल्यावरचे टोपीवाले गृहस्थ, कुत्रावाल्या बाई, समोरचं तरुण जोडपं. यातला कोण? शनिवारी दुपारी खाली आजींची बेल वाजली. आजींनी खिडकीतून पाहिलं, मी वरून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

मी म्हटलं, “आमच्याकडे करा. आमच्या बेलवर आमचं नाव आहे, कोणाला कळणार नाही.” आजींच्या मैत्रिणींचं म्हणणं पडलं की देवळाबाहेर पोलीस असतो, तिथल्या सभागृहात करू. आजी नाही म्हणाल्या. “दाराआडून ऐकत मी मोठी झाले. आता दुसऱ्याच्या दाराआड नाही बसणार.” मग थांबून म्हणाल्या, “पण त्या चौघी येतील की नाही, सांगवत नाही.”

रविवारी आल्या. एकदम नाही, एकेक करून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं, हातात साध्या पिशव्या घेऊन. शेवटची आली तेव्हा पावणेचार वाजले होते. खिडक्यांचे बाहेरचे शटर, रोलाडेन, खालपर्यंत ओढलेले, भर दुपारी दिवे लावलेले. टेबलावर पांढरा कपडा, कागदी ताटल्या, माझी सफरचंदं. मला दाराजवळची खुर्ची दिली होती. मी स्वतःच मागितली होती ती.

आजींनी चार ओळी वाचल्या. आवाज इतका बारीक की टेबलापलीकडच्या बाई कानामागे हात धरून पुढे वाकल्या. तिसऱ्या ओळीला जिन्यात पावलं वाजली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांची पावलं मला ओळखू यायची, ही येईनात. ती चढून वर आली आणि आजींच्या दाराशी थांबली. पाचही बायका जिथल्या तिथे. आजींचं बोट ओळीवर टेकलेलं. मी त्या तिरप्या डबीकडे बघत होते. किती वेळ गेला देव जाणे. मग पावलं खाली उतरली आणि मोठं दार बंद झाल्याचा आवाज आला.

आजींनी बोट पुढे सरकवलं आणि चौथी ओळ वाचली.

मग त्या नाचल्या. बूट काढून, पायमोज्यांवर, एकमेकींचे हात धरून टेबलाभोवती गोल गोल. ओठ हलत होते, पण सूर बाहेर येत नव्हता. टाळ्या वाजवायला हात जवळ यायचे आणि न वाजताच दूर व्हायचे. ज्या आवाजाबद्दल मी साऱ्या बिल्डिंगची माफी मागून बसले होते, तो आवाज झालाच नाही. आजींच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मला मात्र तोंड लपवावंसं वाटत होतं.

त्यानंतर दहा-बारा दिवस काही घडलं नाही. आजी पूर्वीसारख्या बोलू लागल्या. आणि एका सकाळी आमच्या टपालपेटीत एक पाकीट पडलेलं दिसलं. तिकीट नाही, पत्ता नाही. आत माझा कागद, नीट चार घड्या घातलेला. माझं सुवाच्य अक्षर, मुलीची तीन लाल फुलं. आणि त्या एका शब्दाखाली पट्टीनं मारलेली काळी रेघ. बाकी एक अक्षर नाही.

मी तो कागद नवऱ्यालासुद्धा दाखवला नाही. पुण्याहून आणलेल्या साड्यांच्या तळाशी ठेवून दिला.

त्याच आठवड्यात आजींनी जिन्यात विचारलं, “तो कागद परत नाही ना आला?”

“नाही,” मी म्हटलं. “वाऱ्यानं गेला असेल.”

चाकूनं कापून नेणारा वारा! पण त्यांनी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता त्यांना. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “मी उगाच घाबरले. नवा ग्रंथ लहान आहे, दोन वर्षांत संपेल. तेव्हा मोठ्यानं गाऊ आम्ही. आणि कागद तूच लिही हं, तुझं अक्षर सुंदर आहे.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारपासून खालचे आवाज परत सुरू झाले. तेच वाचणं, तेच तोडणं, टेबलावर तेच हात आपटणं, आता आधीपेक्षाही मोठ्यानं. ते सुरू झाले की मी उठून जिन्याकडचं दार उघडं टाकायची आणि स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. थोडा वेळ बंद, पुन्हा चालू, त्यांचा अभ्यास संपेपर्यंत. एकदा मुलीनं येऊन जर्मनमध्ये विचारलं, आई, काय करतेयस? मी म्हटलं, चटणी. तिनं झाकण उचलून पाहिलं. भांडं रिकामं होतं.