शिवांजली मॅडमचा आवाज

कडेगावजवळ माझा गुळाच्या पावडरीचा कारखाना आहे. माल चांगला, पण मोठ्या खरेदीदारांपुढे उभा राहिलो की जीभ टाळूला चिकटायची. पुण्यात एकदा कागदावरून वाचताना दोन पानं एकदम उलटली गेली आणि मला पत्ताच लागला नाही. लोक हसले तेव्हा कळलं. त्यानंतर मी सांगलीला शिवांजली मॅडमकडे जायला लागलो.

मॅडम मूळच्या वडूजच्या. उद्योजकांना, डॉक्टरांना, बिल्डरांना त्या चारचौघांत बोलायला शिकवायच्या. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून वर खिडकीकडे बघायचा. त्या वाक्य म्हणून दाखवायच्या, आम्ही त्यांच्यासारखं म्हणायचो. माझी भीती बरीच गेली.

मग त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्वीचा आवाज आता येणार नाही. वर्ग बंद झाला. त्या कुणाचा फोन घेईनात.

त्याच सुमारास सांगलीतल्या उद्योजकांच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. मी सरळ त्यांच्या घरी गेलो. त्यांचे पती धैर्यशील यांनी दार उघडलं आणि हळूच म्हणाले, "बघा, भेटते का."

मॅडम बाहेर आल्या. मी म्हणालो, "मॅडम, मला भाषण हाय. तुमच्याबिगर जमायचं न्हाई."

त्या कुजबुजल्या, "हंबीरराव, मी म्हणून काय दाखवणार आता?"

"दाखवू नका. मी बोलतो, तुमी निसतं ऐका."

 त्या खुर्ची ओढून बसल्या आणि डोळे मिटले.

मी सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. "हे तुमचं नाही, कुठंतरी वाचलेलं आहे." पुढं एका ठिकाणी म्हणाल्या, "इथं तुम्हाला कुणाचीतरी आठवण आली. श्वास अडकला."

 मी वडिलांच्या गुऱ्हाळाबद्दल बोलत होतो. रसाच्या उकळत्या काहिलीत त्यांचा हात भाजला होता. ते मी भाषणात घेतलंच नव्हतं.

"ते सांगा," त्या म्हणाल्या.

पूर्वी आम्ही सगळे थोडेफार मॅडमसारखेच बोलायचो. आता पहिल्यांदा मी माझ्यासारखा बोलत होतो. हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

मेळाव्याला मॅडमही आल्या होत्या. मी कागद न घेता बोललो. वडिलांच्या हाताचं सांगताना आवाज भरून आला, पण थांबलो नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मी माईक सोडला नाही. "मला बोलायला शिकवणारी बाई तिथं बसलीय," असं म्हणून त्यांना वर बोलावलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं, पण सगळ्या माना वळल्यावर उठल्या. त्यांच्या हाती माईक देऊन मी खाली येऊन बसलो.

माईक असूनही पहिले शब्द कुणाला कळले नाहीत. मागं खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी फोनवर होतं. मॅडम थांबल्या. घाई नाही, ओशाळणं नाही. नुसत्या लोकांकडे बघत राहिल्या. फोनवरचा माणूस गप्प झाला. कुणीतरी उठून पंखे बंद केले.

"माझा आवाज गेला," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, मीच गेले. आज तुम्ही पंखे बंद केलेत."

एवढं मोठं सभागृह, पण श्वाससुद्धा ऐकू यावा अशी शांतता. माझ्या शेजारचा पाइपांचा व्यापारी पुढं वाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होता. एवढी माणसं एका कुजबुजीला कान देऊन बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. आपण भाषण म्हणून जे काही करतो ते किती वरवरचं असतं, असं त्या वेळी वाटून गेलं.

वर्ग आता पुन्हा चालू आहे. आवाज काही परत आला नाही. सांगलीला गेलो की मी मागं जाऊन बसतो आणि त्या ऐकतात कशा, ते बघत राहतो.