न झटकलेला पारा

माणूस जातो, पण त्याची ऊब मागे राहते, असे भानुदासच्या शोकसभेत एका पुढाऱ्याने सांगितले. भानुदासने उभा जन्म जनावरांना हात लावण्यात काढला होता, मेलेल्यांनाही. ऊब किती वेळ टिकते, हे त्याला पुढाऱ्यापेक्षा नक्की ठाऊक होते.

त्याला जाऊन आता महिना होईल. नेवासे तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो, तो मलमपट्टी करणारा ड्रेसर. कानाच्या मुळाशी हात ठेवून तो ताप सांगायचा. मी शेपटीखाली थर्मामीटर लावून तेच सांगायचो, दोन मिनिटे उशिरा. माझा आकडा ऐकायला कोणी थांबत नसे. "भानुदासमामांनी हात लावला ना? मग बास..." हे मी अकरा वर्षे ऐकले.

एका उन्हाळ्यात घोडेगावच्या बाजारातून भर दुपारी चालवत आणलेली म्हैस दवाखान्यात आली. पारा एकशे चारवर. मी इंजेक्शन भरले. भानुदासने कानाला हात लावला. "साहेब, ताप न्हाई ह्यो. ऊन चढलंय तिला. सावलीत घ्या, पानी मारा."

मालक माझ्या सुईकडे बघत म्हणाला, "मामा म्हनत्यात तर आदी पानीच मारू की."

तासाभरात म्हैस एकशे एकवर येऊन रवंथ करू लागली. काळी कातडी, घाम नावापुरता, म्हणून म्हैस उन्हात लवकर तापते आणि पाण्यात लवकर निवते, यावर मी परीक्षेत पानभर लिहिले होते. मार्कही चांगले पडले होते. त्या दिवशी भानुदासच्या हाताचा जो हेवा वाटला, तो निवृत्तीनंतरही उतरला नाही.

तो आजारी असल्याचे कळले म्हणून भेटायला गेलो, तेव्हा ओसरीवर गोधडी घेऊन पडला होता. मी कपाळावर हात ठेवला आणि त्याच्याच थाटात म्हणालो, "ताप नाही रे."

"हाताचं काई खरं न्हाई, साहेब. मोजा."

सवयीने थर्मामीटर पिशवीत होताच. "जनावरांचा आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. म्हनून तर सांगतो, काखंत लावा."

एकशे दोन. मी आकडा सांगितला, त्याने मान डोलावली... इतकी वर्षे मी जिची वाट पाहिली, ती मान. बघायला ओसरीवर दुसरे कोणी नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते.

आठ दिवसांनी त्याच्या मुलाचा फोन आला.

थर्मामीटर माझ्या टेबलावर आहे. पारा अजून एकशे दोनवरच आहे. त्यात विशेष काही नाही. झटकल्याशिवाय तो उतरत नाही.