पाठीवरचा बिब्बा

माणदेशातल्या त्या वाडीत हरणाबाई नर्स म्हणजे बिब्ब्याची हाडवैरीण. पोराचं पोट दुखलं की बिब्बा तापवून त्याच्या तेलाचे चटके द्यायचे, ही तिकडची जुनी रीत. हरणाबाईंच्या स्वतःच्या पोटावर तसले पाच डाग होते. म्हणून दवाखान्यात डागलेलं पोर आलं की आधी आईची खरडपट्टी, मग मलम! "आगं, पोर हाय का बैल, डागाय?" असं त्या ओरडल्या की पार पारापर्यंत ऐकू जायचं. बायका त्यांना वचकून असायच्या.

१९९१च्या चैत्रात बयाबाई पुतणीला घेऊन आली. रेश्मा सहा वर्षांची. धाकट्या मयूरीच्या बाळंतपणात आई गेलेली, बाप मुंबईला हमालीला; दोघी बहिणी चुलत्याच्या घरी वाढत होत्या. चुलता भाऊसो फौजेतून सुटून आलेला, वाडीत त्याच्या शब्दाला मान. बयाबाईनं पोरीचा झगा वर केला. पाठीवर सात डाग.

"पोटात दुखत हुतं, म्हणून बिब्बा घातलाय बाई," बयाबाई म्हणाली, आणि हरणाबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली.

झालं! हरणाबाईंचं डोकंच सणकलं. दहा मिनिटं त्यांनी बयाबाईला नुसतं फैलावर घेतलं, मलम थापलं, रजिस्टरात 'बिब्बा' लिहिलं. निघताना रेश्मानं त्यांचा पदर धरला. "बाई, मला हितंच ठिवा की."

हरणाबाई हसल्या. "ठिवते की! रोज सुई टोचीन, चालंल?"

पोरीनं पदर सोडला.

आषाढात ती विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे. वाडी हळहळली, हरणाबाईही रडल्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या.

१९९७ला साताऱ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. घरात छळ होणारं मूल ओळखायचं कसं आणि कळवायचं कुणाला, हे नर्सांना, मास्तरांना, अंगणवाडीच्या बायांना शिकवायचं होतं. हरणाबाई गेल्या त्या कुरकुरतच. म्हणे मुलं ओळखा! जन्म गेला पोरं बघण्यात!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर श्रद्धाताईंनी पडद्यावर दोन फोटो लावले. बिब्ब्याचा डाग काळपट, ओघळलेला, भोवती सूज. विडीचा डाग गोल, काठाला सारखा, मधे खोल. "आणि बिब्बा दुखतं तिथं घालतात," श्रद्धाताई म्हणाल्या. "पोट दुखणाऱ्या पोरीच्या पाठीवर डाग दिसला, तर तुम्ही काय विचाराल?"

हरणाबाईंचा हात आपसूक पोटावर गेला. पाच डाग, पाचही बेंबीभोवती. हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? अहो, कातडीवर घेऊन फिरत होत्या बाई!

तेव्हापासून पदराला ओढ लागायला लागली. एसटीच्या रांगेत, हापशावर, चुलीपुढं. वळून बघावं तर कुणी नाही. पदर कमरेला घट्ट खोचला तरी ओढ लागायची ती लागायचीच.

परत आल्या आल्या त्या शाळेत गेल्या. मयूरी सात वर्षांची झाली होती. मानेखाली तीन गोल डाग, त्यातला एक ओला.

"काय झालंय गं?"

"बिब्बा," पाठ केल्यासारखं मयूरी म्हणाली.

"काय दुखत हुतं?"

तेवढं तिला कुणी पढवलं नव्हतं.

हरणाबाई तिला घेऊन थेट तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेल्या. बोलावणं गेलं तसा भाऊसो बायकोला घेऊन आला, खुर्ची ओढून बसला आणि चक्क हसला. "साहेब, आमच्यात बिब्बा घालत्यातच. हिच्या थोरलीलाबी घातला हुता. बाईंच्याच रजिस्टरात हाय. इचारा त्यांस्नी."

फौजदारांनी हरणाबाईंकडं पाहिलं. "खरं का?"

हो म्हटलं तर नोकरी शाबूत, सहा वर्षांपूर्वीचं झाकलेलं. आणि पोरगी संध्याकाळी त्याच घरात.

"रजिस्टर खोटं हाय साहेब," हरणाबाई म्हणाल्या. "मी बघितलंच न्हाई, नुसती वरडले. थोरलीला इडीनं जाळलं हुतं. हितंच ठिवा म्हणली, तवा मी हसले. त्येबी लिवा."

"बाई, तुमच्यावरच येईल हे."

"यीना का! लिवा."

तेव्हा भिंतीला टेकलेली बयाबाई पहिल्यांदा बोलली. नवऱ्याकडं न बघता, हरणाबाईंकडं बघत.

"आवं बाई, म्या तर तुमच्याकडंच आणली हुती की तिला. दुसरं बोलायची सोय नव्हती, ह्यो बाहीर उभा हुता. पोटात दुखतंय म्हणले आनि पाठ उघडून दावली. वाटलं, बाईमाणूस हाय, कळंल."

भाऊसो उठायला लागला, हवालदारानं त्याला खाली बसवलं.

मयूरी त्या घरात परत गेली नाही. साताऱ्याच्या वसतिगृहात राहिली, शिकली. हरणाबाईंची वेतनवाढ रोखली, ते त्यांनी मुकाट सोसलं. पुढं श्रद्धाताईंच्या प्रशिक्षणात त्या दरवर्षी स्वतः उभ्या राहायच्या आणि नव्या नर्सांना आपल्या पोटावरचे डाग दाखवायच्या. बोलता बोलता मधेच थांबून मागं वळून बघायच्या. नव्या पोरींना वाटायचं, बाईंना कुणीतरी हाक मारली.