गफूरचाचाचा पाटा तुटायची वाट

आमच्या गॅरेजात दोन गोष्टी कधी कमी पडल्या न्हाईत. एक भंगार, अन् दुसरे किस्से. भंगार तरी वर्षातून एकदा हैदराबादचा व्यापारी येऊन तोलून न्यायचा. किश्शांना गिऱ्हाईकच न्हाई, म्हणून ते माझ्याकडंच साचत गेले. आता तुम्ही चहा घेऊन बसलेच आहात, तर थोडा माल तुमच्या गळ्यात घालतो.

पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झाल्तं, तेव्हा मी जालन्यात मस्तगडाजवळच्या एका पत्र्याच्या शेडात फिटर म्हणून लागलो. मालक गफूरचाचा. मोटारीच्या खाली लोखंडी पट्ट्यांची कमान असते बघा, जिच्यावर गाडी झुलते, ती कमान बनवणारा पंचक्रोशीत हा एकच माणूस. एकेका पट्टीला म्हणायचं पाटा. पाटा वाढवला की गाडी उंच, पाटा काढला किंवा ठोकून सरळ केला की गाडी बुटकी. एवढंच आमचं शास्त्र. गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या, पण एकाही मालकाला आपली गाडी कारखान्यातून आली तशी मंजूर न्हाई. कोणाला ती वर पाहिजे, कोणाला खाली.

एकदा केशवराव वकील औरंगाबादेत बसवून आणलेला पाटा मोडून आमच्याकडं आले. वकीलसाहेबांचं कसं, की समोरचा बरोबर बोलला तरी ते हरकत घ्यायचे. म्हणाले, "गफूरमियाँ, सगळे लोहार सारखेच. तुमचा पाटा दोन महिने जास्त टिकेल, एवढाच काय तो फरक."

चाचानं हातातला घण खाली ठेवला. बाजारचा दिवस होता, वीस-पंचवीस माणूस उभा होता. चाचा म्हणाला, "वकीलसाब, माझ्या हातचा पाटा ज्या दिवशी तुटंल, त्या दिवशी ह्या भट्टीत पाणी ओततो अन् हैदराबादला पोराकडं जाऊन बसतो. गफूर की जबान है."

"मी साक्षीदार," वकीलसाहेब म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून अख्खा मोंढा, म्हणजे आमची धान्यपेठ, चाचाचा पाटा तुटायची वाट बघू लागला. वाईट कोणाच्या मनात नव्हतं हो. गावात दुसरी करमणूक नव्हती, इतकंच. वकीलसाहेब तर खड्डा दिसला की मुद्दाम गाडी त्यात घालायचे अन् उतरून खाली वाकून बघायचे.

* * *

जिनिंगवाले बंसीसेठ मुंबईला गेल्ते. तिथं त्यांनी कोण्या गिरणीमालकाची मोटार पाह्यली. परत आल्यावर म्हणाले, "गफूरभाई, मुंबईत बडा आदमी जमिनीला टेकून चालतो. आपली गाडी म्हणजे निस्ती बैलगाडी वाटती. खाली घ्या."

चाचानं समजावलं. सेठ कशाला ऐकतात. मंग चाचानं चारी कमानी उतरवल्या, दोन-दोन पाटे काढले, बाकीचे तापवून सरळ केले. गाडी अशी बसली की शेडाचा उंबरा ओलांडताना मलाच घाम फुटला. सेठ खूश. नवीन जालन्यातून स्टेशनपर्यंत दोन चकरा मारल्या, लोकांनी माना वळवल्या. सेठ म्हणाले, "आता वडीगोद्रीला साडूकडं जातो. त्याला बी दाखवू."

वडीगोद्रीच्या वाटेवर बैलगाड्यांच्या दोन खोल चाकोऱ्या, अन् मधी कंबरभर नसला तरी गुडघाभर उंचवटा. सेठची गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. चारी चाकं हवेत. सेठनं ॲक्सिलेटर दाबला की चाकं फिरायची अन् सेठ जागच्या जागी. शेवटी एका शेतकऱ्यानं बैल जोडले. त्यानं आधी गाडीला पूर्ण चक्कर मारली अन् विचारलं, "मालक, हिला बसायची सवय हाय का?"

संध्याकाळच्या आत बातमी गावात. लोक आमच्या शेडापाशी आले अन् आशेनं विचारून राह्यले, "पाटा तुटला काय?" न्हाई तुटला. सेठ मात्र रागानं लाल. "गफूरभाई, माझी गाडी जमिनीला टेकली!"

चाचा शांतपणे म्हणाला, "सेठ, तुम्ही तेच म्हणले होते."

पण सेठ हार मानणारा न्हाई. त्यानं कमानींचा दुसरा जोड करून घेतला. एक गावातली बुटकी कमान, एक परगावची उंच कमान. परगावी जायचं ठरलं की आदल्या दिवशी गाडी आमच्याकडं, कमान बदलायची. परत आले की पुन्हा आमच्याकडं. लोक गावाला जाताना जोडे बदलतात, सेठ कमानी बदलायचे. सात वर्षं मी हे काम केलं, अन् सेठ सात वर्षं साडूकडं टांग्यातून गेल्यासारखे दमून पोचायचे.

* * *

डॉक्टर जोशींचं उलट. ते भले माणूस. पावसाळ्यात नदी-नाले ओलांडून खेड्यापाड्यात पेशंट बघायला जायचे, म्हणून म्हणाले गाडी उंच करा. चाचानं इतके पाटे घातले की डॉक्टरसाहेब गाडीत चढताना आधी देवाला नमस्कार केल्यासारखे हात जोडून दांडी धरायचे.

एकदा एका म्हाताऱ्याला ताप होता म्हणून दवाखान्यात आणायला गाडी गेली. म्हातारा चढताना पायरीवरून घसरला अन् मनगट मोडलं. ताप तर होताच.

चाचाला लय वाईट वाटलं. तो डॉक्टरसाहेबांकडं माफी मागायला गेला. डॉक्टर म्हणाले, "मियाँ, तुम्ही कायकू जीवाला लावून घेता? तापाला मी औषध देतच होतो. हाडाचं काम मला कधी मिळत नव्हतं."

* * *

जहागीरदार साहेबांचा किस्सा मात्र कमानीचा न्हाई, आपल्या लोकांचा आहे.

जहागीरदार साहेब देहानं भरभक्कम. नेहमी मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसायचे. बसून बसून गाडी उजवीकडं दबली. चाचानं उजव्या कमानीत एक जाड पाटा जास्तीचा घातला. साहेब बसले की गाडी बराबर सपाट. पण साहेब गाडीत नसले की गाडी डावीकडं झुकायची. लांबून कळायचं, आज गाडी रिकामी आहे. मंग रस्त्यावरचे लोक सलाम करेनात, पान खात तसेच उभे. साहेबांना हे खपेना. जहागिरी नुकत्याच गेल्त्या, सलामच काय तो राह्यल्ता.

ड्रायव्हरनं तोड काढली. साहेब नसले की त्यांच्या जागेवर ज्वारीचं भरलेलं पोतं ठेवायचं अन् खिडकीचा पडदा ओढायचा. गाडी सपाट. लोक पुन्हा झुकून सलाम करू लागले.

हे असं दोन वर्षं चाललं. एकदा तहसीलचा शिपाई आमच्या शेडात मोठ्या आनंदानं आला. म्हणाला, "जहागीरदार साहेब फार बदलले बघा. पैले आमच्याकडं बघून तोंड फिरवायचे. आज मी गाडीच्या पडद्याशी उभा राहून अर्जाबद्दल बोललो, तर सगळं ऐकून घेतलं, एक शब्दानं बोलले न्हाईत."

मी त्याला काय सांगणार? त्याचं काम पुढच्या महिन्यात झालं बी.

* * *

चाचाची एक रीत होती. कमान बसवली की मालकाला मागच्या सीटवर बसवायचं, हातात काठोकाठ भरलेली चहाची कपबशी द्यायची अन् गाडी स्टेशनच्या फाटकापर्यंत नेऊन आणायची. चहा कपड्यावर सांडला तर कमान परत उतरवायची. ह्या परीक्षेत चाचा कधी नापास झाला न्हाई.

रस्त्यांच्या खात्यात एक साहेब बदलून आल्ते. नाव सांगत न्हाई, बिचारे पेन्शन खाऊन राह्यले असतील. पांढरी फकफकीत पँट. त्यांना आम्ही कपबशी दिली. दोनशे पावलंसुद्धा गाडी गेली न्हाई, तर सगळा चहा पँटीवर. साहेब कडाडले, "हेच का तुमचं काम? ह्यालाच गॅरंटी म्हणता?"

वकीलसाहेब योगायोगानं तिथंच होते. त्यांनी कान टवकारले.

चाचा खाली वाकला, कमान तपासली, उठला अन् अदबीनं म्हणाला, "साहेब, पाटा माझा हाय. रस्ता तुमचा."

पंधरा दिवसांत त्या रस्त्यावर खडी पडली, रोलर फिरला. साहेबांच्या बंगल्यापासून आमच्या शेडापर्यंत. पुढं एक फूट न्हाई.

* * *

पाटा लालभडक तापवून चाचा करडईच्या तेलात बुडवायचा. तेलात विझवला तर लोखंडात लवचिकपणा राहतो. वास मात्र असा सुटायचा, की अंबडचा एक वाटसरू गाठोडं घेऊन थेट आमच्या बाकड्यावर येऊन बसला. "पावशेर भजी द्या."

मी म्हणलं, "थांबावं लागंल, पाटा तळून राह्यलो."

तो "हौ, थांबतो" म्हणाला अन् अर्धा तास थांबला. शेवटी चाचाला दया आली, त्यानं आपल्या डब्यातली भाकर-चटणी त्याला दिली. माणूस जेवला, तोंड पुसलं अन् जाताना म्हणाला, "भजी राहू द्या आता. पण तेल चांगलं हाय तुमचं."

* * *

आता शेवटचं सांगतो. हे सांगताना मला अजून लाज वाटते, कारण त्यात गुन्हेगार मीच.

चाचा हिवतापानं घरी पडल्ता. वकीलसाहेब सकाळीच आले, मागच्या कमानीचा वरचा पाटा बदलायचा होता. त्यांना कोर्टाची घाई. म्हणाले, "माणिक, तूच कर. इतकी वर्षं काय गवत कापलं का?" मी हुरळलो. पाटा तापवला, ठोकला, चाचाच्या छिन्नीनं चाचाची तीन टिंबांची खूण मारली. बघतो तर तेलाचा डबा रिकामा. तेल्याचं दुकान दुपारी उघडणार होतं. वकीलसाहेब घड्याळ दाखवून राह्यले. मी पाटा पाण्यात विझवला. पाण्यात विझवलेला पाटा काचेसारखा कडक होतो अन् काचेसारखाच जातो, हे मला ठाऊक होतं. चाचाला सांगायची हिंमत झाली न्हाई.

दोन महिन्यांनी, बाजारच्या दिवशी, बरोबर आमच्या शेडासमोर, भर गर्दीत वकीलसाहेबांच्या गाडीखाली फटकन आवाज झाला. गाडीचं मागचं बूड चाकावर बसलं. जागची हलेना.

मोंढ्यातून लोक पळत आले. बंसीसेठ आले, डॉक्टर आले. चाचा हात पुसत बाहेर आला, गाडीखाली शिरला अन् तुटलेला तुकडा घेऊन बाहेर निघाला. तीन टिंबं सगळ्यांना दिसली. दहा वर्षं ज्याची वाट पाह्यली ते झाल्तं, अन् कोणाला हसता येईना.

चाचा तुकडा खाली ठेवून वळला. आत गेला अन् पाण्याची बादली उचलली.

मी त्याच्या आडवा झालो. मी म्हणलं, "चाचा, तो पाटा मी केल्ता. पाण्यात विझवला. तुमचा हात न्हाई लागला त्याला."

"खूण कोणाची हाय?"

"तुमची."

"मंग पाटा बी माझाच," चाचा म्हणाला.  जनम गेला होता त्याचा त्या भट्टीपुढं. बंसीसेठ माझ्या कानाशी पुटपुटले, "आता माझ्या कमानी कोण बदलणार रे?"

तेवढ्यात वकीलसाहेब काळा कोट सावरत पुढं झाले. "गफूरमियाँ, बादली खाली ठेवा. कोणत्या गाडीचा पाटा तुटला म्हणता?"

"तुमच्या गाडीचा, वकीलसाब."

"माझी गाडी घरी आहे."

सगळ्यांनी गाडीकडं पाह्यलं. आत त्यांच्या फायली, त्यांची छत्री, त्यांचा पानाचा डबा. एक जण म्हणाला, "अहो साहेब, आत्ता तुम्हीच उतरले ना हिच्यातून?"

"मी पायी आलो," वकीलसाहेब म्हणाले. "ही गाडी मी आयुष्यात पाह्यली न्हाई. अन् कोणाच्याही गाडीवरून इथं कोणी शपथ पूर्ण करायला लागलं, तर ते मला मंजूर न्हाई. साक्षीदार मी आहे."

"मी बी पाह्यलं, वकीलसाहेब पायीच आले," बंसीसेठ घाईघाईनं म्हणाले.

"धापा टाकत आले. मी नाडी बघितली," डॉक्टर म्हणाले.

चाचानं बादली खाली ठेवली.  वकीलसाहेब वळले अन् भर उन्हात चालत कोर्टात गेले, फायली न घेता.

तीन दिवस गाडी तिथंच. वकीलसाहेब रोज घामाघूम होऊन तिच्या शेजारून पायी जायचे, मान वळवायचे न्हाईत. चौथ्या दिवशी चाचानं स्वतः पाटा बनवला, तेलात विझवला, बसवला. पाचव्या दिवशी वकीलसाहेब शेडात आले. गाडीभोवती चक्कर मारून म्हणाले, "बरी दिसते. कोणाची?"

"मालूम न्हाई. बेवारस हाय," चाचा म्हणाला. "चावी आतच हाय. पायजे तर घेऊन जा."

वकीलसाहेब गाडीत बसले. सीटवर उसळून कमान दाबून पाह्यली, समाधानानं मान हलवली. मंग खिडकीतून डोकं बाहेर काढून सवयीनं विचारून बसले, "गफूरमियाँ, हा नवा पाटा टिकेल ना?"

चाचानं छाती पुढं काढली, उजवा हात वर केला अन् म्हणाला, "वकीलसाब, हा पाटा ज्या दिवशी..."

वकीलसाहेबांनी दार उघडून खाली उडी मारली अन् दोन्ही हातांनी चाचाचं तोंड दाबून धरलं.