व्हर्नाची पहिली चौकट

अमेरिकेतल्या डुलूथ गावी एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना बटाटे वाढून व्हर्ना लिंडक्विस्ट निवृत्त झाली, आणि बासष्टाव्या वर्षी बाईसाहेबांना कॉलेजची हुक्की आली. त्याच शाळेत आता मदतनीस शिक्षिका व्हायचं होतं, त्यासाठी मानसशास्त्रात पास होणं भाग होतं.

प्राध्यापिकेने एक कागद दिला. तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत मन कसं वाढतं त्याच्या आठ पायऱ्या, आठ चौकटी. प्रत्येकीत स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग लिहायचा. सात चौकटी व्हर्नाने झपाट्याने उरकल्या. म्हातारपणाच्या चौकटीत लिहिलं, "अजून आलेलं नाही. आलं की कळवते."

घोडं अडलं पहिल्या चौकटीत. पहिल्या वर्षात बाळाचा विश्वास कुणावर बसला? व्हर्नाने लिहिलं, "आठवत नाही." कागद परत आला.

"आठवत असेल त्याला विचारा," प्राध्यापिका म्हणाली. "शुक्रवारपर्यंत. नाहीतर नापास."

आठवणारं माणूस जगात एकच उरलं होतं, थोरली बहीण आर्डिस. आणि तिच्याशी नऊ वर्षं अबोला! जत्रेतल्या स्पर्धेत व्हर्नाच्या काकडीच्या लोणच्याला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, तेव्हा "कृती माझी आहे" असं आर्डिस चारचौघांत बोलली होती. कृती होतीही तिचीच, म्हणून तर जास्त झोंबलं.

शेवटी नाक मुठीत धरून व्हर्नाने फोन लावला.

"मी व्हर्ना."

"कोण व्हर्ना? माझी बहीण लोणच्याच्या बरणीत बुडाली, त्याला नऊ वर्षं झाली."

"आर्डिस, नापास होईन गं! तान्ही असताना मला आई कशी..."

"आई कुठली? आई क्षयाने वर्षभर दवाखान्यात, बाबा गोदीवर. मी होते. नऊ वर्षांची. शाळा बुडवून तुला सांभाळलं. माझा डावा कान धरल्याशिवाय झोपायची नाहीस मेली! अजून तो उजव्यापेक्षा लांब आहे."

"कधी बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? आणि हे बघ, त्या कागदावर तरी माझं नाव घाल."

व्हर्नाने मोठ्या अक्षरांत घातलं. मग भिंतीवरची निळी फीत उतरवून तिच्यावरही घातलं. शुक्रवारी कागद कॉलेजात देऊन ती फीत घेऊन आर्डिसच्या दारात गेली, आणि आधी तिचा डावा कान धरला.