ओटीचे तांदूळ

टेस्ट-ट्यूब बाळाच्या उपचारांत तिसऱ्या खेपेला माझी तीनच बीजं मिळाली, आणि त्यांच्यापासून तयार झालेल्या तिन्ही गर्भांची वाढ तिसऱ्या दिवशी थांबली. पहिल्या वेळी आठ बीजं होती, दुसऱ्या वेळी पाच. माझं वय बेचाळीस. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "डोस वाढवून बीजांची संख्या कदाचित वाढेल, दर्जा वाढेल असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्यायचा विचार करा. शुक्रवारी काय ते सांगा."

मूल माझ्याच बीजाचं हवं, यावर मी अडून बसले होते. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." त्याचा आधार वाटायच्या ऐवजी रागच यायचा. मी कसबा बावड्यात शिवणवर्ग चालवते. कापड बिघडलं तर रडत बसू नका, दुसरं घ्या, असं मुलींना रोज सांगते. स्वतःला ते सांगता येत नव्हतं. चौथ्यांदा इंजेक्शनं घ्यायचं मनाशी ठरवलं, पण सारखं मनात यायचं, हेही वाया गेलं तर?

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या आधी टेंबलाईच्या देवळात गेले. चौथ्या खेपेला यश मागायला. ओटीसाठी कोडोलीच्या आमच्या शेतातले तांदूळ मुद्दाम काढून ठेवले होते. 'घरचेच तांदूळ वाहीन' असं देवीला बोलले होते. रांगेत पिशवी उघडली तर आत बर्फाची पाकिटं आणि उरलेली इंजेक्शनं. दोन्ही पिशव्या मीच एकाच कापडातून शिवलेल्या. ओटीची घरी राहिली, दवाखान्याची उचलून आणली. आजच्या दिवशी हे असं व्हावं, म्हणजे देवीनं नाहीच म्हटलं की काय?

मागे शिरोळकडची एक म्हातारी उभी होती. तिनं सरळ पिशवीत डोकावलं.

"एवढ्या सुया? साखर हाय व्हय तुला?"

"नाही मावशी. मूल होत नाही, त्याच्या आहेत."

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. आणि तिथं रांगेत, अनोळखी बाईला सांगून बसले. ती हळहळली नाही. तिनं आपल्या ओटीतला निम्मा तांदूळ, खण आणि दोनातला एक नारळ माझ्या पदरात टाकला.

"मावशी, मी घरचे तांदूळ वाहीन म्हणून बोलले होते."

"आगं, ओटी तू भरतीयास न्हवं? मग तांदूळ कुणाच्या वाफ्यातला, हे देवी इचारत बसती व्हय? आन् तसं बघितलंस तर माझाबी न्हाय. आमच्यात नुसता ऊस. रेशनचा हाय की ह्यो!"

पुढच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. ओटी भरताना काय मागायचं होतं ते सुचेना. नुसते हात जोडले. बाहेर येऊन पाहते तर मावशी गर्दीत कुठं दिसली नाही. तिचं नावही विचारलं नव्हतं.

पायरीवर बसून नवऱ्याला फोन केला. "दुसऱ्या बाईचं बीज घेऊ या. चालेल?" तो म्हणाला, "मला कधीपासून चालत होतं. तुला दुखेल म्हणून बोललो नाही." दुपारी दवाखान्यात संमतीच्या कागदांवर सह्या केल्या.

पिशव्यांच्या त्या अदलाबदलीला कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. त्या दुसऱ्या बाईच्या बीजाचा गर्भ माझ्या पोटात सोडून दहा दिवस झालेत. तपासणी परवा आहे. भीती गेलेली नाही. जरा कळ आली तरी जीव टांगणीला लागतो. पण इतकी वर्षं मी देवीला काय द्यायचं ते सांगायचे आणि कुठून द्यायचं तेही मीच सांगायचे. आता मागते तेवढंच. कुठल्या वाटेनं द्यायचं, ते तिनं ठरवावं.